अप्पा फक्त हलगी वाजवायचे

नांदेड
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय व्यंकट,

'प्रिय' एवढं लिहून मी उठले, सिंकमधली भांडी घासली आणि परत येऊन बसले. खोडणारच होते. पण आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि तुला कडेवर घेऊन मी गावभर हिंडले, ते काही खोडता येत नाही, म्हणून शब्द राहू दिला. पुढे गोड काही वाचायला मिळेल अशी आशा मात्र ठेवू नकोस. फोनवर तू माझं ऐकून घेत नाहीस. 'अक्का, ऑफिसात हाय, मग बोलू' म्हणतोस आणि ते 'मग' कधी उगवत नाही. म्हणून हे पत्र. सगळं वाच.

पंधरा दिवसांपूर्वी तुझा फोन आला. अप्पांना जाऊन चार महिने झाले, त्यानंतरचा तो पहिला. मला वेडीला वाटलं, तुला त्यांची आठवण आली असेल. तू सांगितलंस ते असं. ऋतुजाचं नाव डॉक्टरकीच्या यादीत लागलं. पण कुणीतरी जात पडताळणीकडे तक्रार केली की हिचा आजोबा ख्रिस्ती उपदेशक होता, हे घर ख्रिस्ती आहे, हिला अनुसूचित जातीची सवलत लागू होत नाही. आता चौकशीचे साहेब गावात जाणार, मग माझ्याकडे येणार. त्यांना सांगायचं की अप्पा फक्त हलगी वाजवायचे, भजनं म्हणायचे, बाकी काही नाही. नाहीतर पोरीची जागा गेली. वर म्हणालास, 'अक्का, तुला एक वाक्य तर बोलायचंय.' अरे, एक वाक्य? पंचाहत्तर वर्षांचा माणूस तू एका वाक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, नेऊन टाक. मी फोन ठेवला. त्या दिवशी वॉर्डात मी दोन पेशंटांवर आणि एका डॉक्टरवर ओरडले.

एप्रिलमधलं बोलून घेते, तेव्हा गिळलेलं अजून छातीत आहे. शेवटचे दोन महिने अप्पा तुझ्याकडे लातूरला होते. तुम्ही त्यांचं सगळं केलंत, ते मी नाकारत नाही. तुझ्या रेणुकाने त्यांचं अंग पुसलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. मी नर्स आहे, त्याला काय लागतं ते मला कळतं. पण पहाटे ते गेले आणि मी बसने नांदेडहून पोचेपर्यंत तू तिरडी बांधून मोकळा झाला होतास. कपाळाला गंध, अंगावर गुलाल. अप्पा जन्मभर सांगत आले, 'मला मातीत ठेवा, प्रभू येईल तवा मला उठायचं हाय.' लातुरात आपल्या माणसांची दफनभूमी आहे, फोन केला असतास तर दोन तासांत जागा मिळाली असती. तू त्यांना जाळलंस. गावाकडून टेम्पो करून चाळीस माणसं आली होती. बजरंगने ढोलकी चादरीत गुंडाळून आणली होती, गुणाबाईने गाण्याचं पुस्तक पदराखाली धरलं होतं. तू टेम्पोपाशी जाऊन हात जोडलेस आणि म्हणालास, 'गाणं नको, ऑफिसची मानसं हायेत.' जी माणसं नुसती शेंगा फोडायला बसली तरी गातात, ती भिंतीला लागून गप्प उभी राहिली. त्यांचा माणूस जळत होता आणि त्यांना तोंड उघडायची चोरी. ऋतुजाने मला विचारलं, 'आत्या, ही एवढी माणसं कोण आहेत?' मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, 'गावाकडची.' आणि मी गप्प बसले.

दहाव्याला तू डोकं भादरून नदीवर पिंड ठेवलास. कावळा लगेच शिवला. तुझ्या साडूने मान डोलावली, म्हणाला, आत्मा शांत झाला. मला तिथेच हसू फुटलं, रेणुका माझ्याकडे बघत राहिली. अप्पा असते तर म्हणाले असते, 'भुकेलं पाखरू हाय, खाऊ द्या की.' आणि शिल्लक भात उचलून कुणाला तरी दिला असता.

तुला ते आठवतात का रे? खरंच विचारते. तू आठवीत असल्यापासून लातूरच्या बोर्डिंगात. सुट्टीला यायचास तेव्हा ते मोपेडवर कुठल्यातरी वस्तीला गेलेले असायचे. त्यांची सभा तू धड कधी पाहिली नसशील. चर्चमधले दुसरे पाळक कसे उभे राहतात, आवाज चढवतात, हात वर करतात. अप्पा ओसरीवर उकिडवे बसायचे. पुस्तक मांडीवर, पण उघडायचे नाहीत. आधी विचारायचे, 'आज कुनाच्या घरी चूल पेटली न्हाई?' कोण सांगणार? माणूस उपाशी झोपेल, पण चारचौघांत बोलेल का? मग ते स्वतःच म्हणायचे, 'माझ्या घरी न्हाई पेटली.' हे साफ खोटं असायचं. मी घरून त्यांना भाकरी आणि पिठलं खाऊ घालून पाठवलेलं असायचं. पण ते म्हणाले की कोपऱ्यातून एखादी बाई हळूच म्हणायची, 'आमच्यातबी न्हाई बाबा.' मग कुणी ज्वारीचं पीठ आणायचं, कुणी तेल. ते त्या घरी पोचलं असा निरोप आल्यावर पुस्तक उघडायचं. तोवर कधीकधी अंधार पडायचा आणि वाचायला दिसायचंच नाही. मग तोंडपाठ. कुणी म्हटलं, बाबा, आज प्रवचन झालंच नाही, तर म्हणायचे, 'झालं की. तू पीठ न्हाई का आनलंस?'

आणि गुणाबाई. तिचा नवरा तिला बडवायचा. पंचांनी सांगून झालं, तिच्या भावांनी दम देऊन झाला. अप्पांनी काय केलं? तिच्या दारात हलगी घेऊन जाऊन बसले. आतून पहिला फटका ऐकू आला की यांनी हलगीवर टिपरू टाकायचं. अख्खी गल्ली गोळा व्हायची. काय झालं, काय झालं? अप्पा म्हणायचे, 'काय न्हाई, आत कार्यक्रम चालू हाय, मी साथ करून राहिलो.' तीन दिवस. चौथ्या दिवशी नवऱ्याने हात जोडले. तो माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही, पण त्याचा हात थांबला. तर हो, अप्पा हलगी वाजवायचे. एवढं तुझं खरं आहे.

आता माझ्या फॉर्मची गोष्ट. तुला अर्धी माहीत आहे, आज पूर्ण ऐक. बारावीनंतर मी सरकारी नर्सिंगचा फॉर्म आणला. अप्पांनी तो स्वतःच्या हाताने भरला. धर्माच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, ख्रिस्ती. लिहून झाल्यावर कागद लांब धरून बघितला, एवढा अभिमान. तहसीलमधल्या कारकुनाने फॉर्म वाचला आणि म्हणाला, मग जातीचा दाखला कशाला मागता, तुम्ही आता त्यातले राहिला नाहीत. चार गुणांनी माझी जागा गेली. त्यातले राहिलो नाही! त्याच संध्याकाळी मी गावात किराणा आणायला गेले, तर दुकानदाराने सुट्टे पैसे माझ्या हातावर वरून टाकले, बोट लागू नये म्हणून. गावाला आम्ही मांगच होतो, आजही आहोत. प्रभूला हाक मारली की मांगवाडा सुटतो हे सरकारला कुणी सांगितलं? त्या दुकानदाराला का नाही सांगितलं? माझ्या वॉर्डातली महामाया बौद्ध आहे, तिच्या लोकांना नव्वद साली सवलत मिळाली. ती कधीकधी चेष्टेने विचारते, 'शिवकांता, तुमचं कधी गं?' मी एकावन्न वर्षांची झाले. खाजगी दवाखान्यातली नोकरी, आज आहे, उद्या नाही.

त्या फॉर्मनंतर अप्पा बदलले. लोकांना ते दिसलं नाही, मला दिसलं. मिशनचे साहेब यायचे, विचारायचे, किती जणांना बाप्तिस्मा दिला, यादी द्या. अप्पा यादी द्यायचे नाहीत. एक नाव त्यांनी कधी कागदावर लिहिलं नाही. ना फोटो, ना दाखला, ना वही. साहेब चिडले, मानधन बंद केलं. अप्पा मोपेडवर फिरत राहिले. मला म्हणाले, 'माझ्या अक्षरानं तुझी जागा घेतली, आता दुसऱ्या कुनाची न्हाई घेऊ देणार.' आणि सत्त्याण्णव सालचं तुला आठवत असेलच. मनारच्या धरणावर त्या रविवारी नऊ जण बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरणार होते. तू चौदा वर्षांचा, पांढरा सदरा घालून रांगेत शेवटी उभा होतास. अप्पांनी आठ नावं पुकारली आणि पाण्यातून बाहेर आले. तुझं नाव घेतलंच नाही. तू काठावर उभा राहून रडलास, 'मला का न्हाई?' म्हणालास. ते तुझा सदरा कोरडाच होता तरी टॉवेलने पुसत राहिले. रात्रभर तू मला विचारत होतास की अप्पांना मी आवडत नाही का. मी तुला थोपटून झोपवलं, पण खरं सांगितलं नाही. आज सांगते. त्यांनी तुला तुझी राखीव जागेची नोकरी त्या दिवशी दिली. जगाला पाण्यात नेणाऱ्या माणसाने स्वतःचा पोरगा काठावर ठेवला. मग आयुष्यभर ते त्यासाठी गुडघे टेकून क्षमा मागत होते. मी ऐकलंय, घर एका खोलीचं होतं.

म्हणून तुझ्यावर जेवढी चिडले आहे तेवढीच त्यांच्यावरही. दोन लेकरं, दोन मापं. मला खरं बोलायला लावलं आणि बुडवलं, तुला खोटं बोलू दिलं आणि तारलं. आणि दोघांनाही त्याचं समाधान नाही. हे कुणावर ओतू मी?

तुझ्या फोननंतर मी ठरवलं, पुरे झालं. मंगळवारी रजा टाकली आणि कंधारच्या एसटीत बसले. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मी माणसं फितवायलाच निघाले होते. वाटेत मनात घोकत होते. गुणाबाईला सांगायचं, बजरंगला सांगायचं, साहेब आले की सगळे मिळून खरं बोला. अप्पा कोण होते ते एकदा तरी सरकारच्या कागदावर चढू दे. मग जे व्हायचं ते होवो. ऋतुजा हुशार आहे, पुन्हा परीक्षा देईल. हो, मी असा विचार केला. तुझा जीव जळाला तर जळू दे.

गुणाबाई उंबऱ्यात बसून डाळ पाखडत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. मी पाणीसुद्धा न पिता विषय काढला, तर ती म्हणाली, 'साहेब तर कालच येऊन गेलं, माय, अप्पांच्या नातीच्या दाखल्याचं इचारत. समद्यांचे अंगठे झाले.' मी विचारलं, काय सांगितलंत? ती इतक्या शांतपणे बोलली की मला तिला धरून हलवावंसं वाटलं. 'म्या म्हनलं, कसला उपदेशक? ते तर हलगी वाजवायचे. म्या वळखतबी न्हाई म्हनलं नीट.' बजरंगने तेच सांगितलं. बाकीच्यांनीही तेच. सत्तावीस माणसं साहेबांसमोर ओळीने बसली आणि एकेकाने सांगितलं की या माणसाने आम्हाला कधी काही शिकवलं नाही. मी ओरडले. म्हटलं, गुणाबाई, त्यांनी तुझ्या दारात तीन दिवस काढले आणि तू ओळखत नाहीस? तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, 'ओरडू नगंस. अप्पांच्या नातीची चूल हाय ही. आमी पेटवली. त्यांनीबी आमच्यासाठी खोटंच बोललं की, भाकर खाऊन यायचे अन् उपाशी म्हनायचे. आमाला काय कळत नव्हतं व्हय?'

हे ऐकून मी उलट आणखी चिडले. त्यांच्या चांगुलपणाचा मला राग आला. ज्या माणसांना कुठली सवलत मिळाली नाही, कुठली नोकरी नाही, ज्यांच्याकडे अप्पांची आठवण एवढीच एक वस्तू होती, तीही त्यांनी तुझ्या पोरीसाठी अंगठा लावून देऊन टाकली. तुला कुणी कळवलं तरी का? तू टेम्पोपाशी ज्यांना हात जोडून गप्प बसवलंस, तीच ही माणसं. परतीच्या बसमध्ये मी कंडक्टरशीही भांडले.

गुरुवारी साहेब माझ्याकडे आले. दुपारची वेळ, वॉर्डात जेवणाच्या ताटल्यांची गडबड. तरुण मुलगा, नम्र. मी खडूस माणसाची तयारी करून बसले होते आणि हा मला 'ताई' म्हणत होता. महामायाने त्याला खुर्ची दिली आणि बाहेर गेली. त्याने गावातले जबाब वाचून दाखवले, मग विचारलं, 'ताई, तुमचे वडील उपदेशक होते का?' मी तोंड उघडलं. व्यंकट, मी खरं सांगणार होते. पण मी खरं बोलले की गुणाबाई खोटी पडते. सत्तावीस अंगठे खोटे पडतात. सरकारी जबाबात खोटं बोलल्याची नोटीस त्या म्हातारीच्या दारात जाते आणि ती तिला वाचतासुद्धा येत नाही. हे एक कारण. दुसरं कारण, ऋतुजा. तिसरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. मी घाबरले. समोर फाईल होती, शिक्का होता, आणि मी अठरा वर्षांची होऊन पुन्हा त्याच टेबलासमोर उभी होते. मी म्हटलं, नाही. त्याने पुन्हा विचारलं, भजनी मंडळात प्रमुख वगैरे? मी म्हटलं, नाही. घरी प्रार्थना, क्रूस, असं काही? नाही. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हटलं. प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या शिष्याची गोष्ट अप्पांच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगायला नको, कोंबडं तेवढं आरवलं नाही. त्याने लिहिलं, 'मयत नरसिंग हे पारंपरिक हलगीवादक होते. ते कोणत्याही धर्माचे उपदेशक नव्हते.' मी सही केली. औषधांच्या चार्टावर होते तशी स्वच्छ सही झाली. साहेब उठताना म्हणाले, 'तुमच्या भाचीला शुभेच्छा सांगा.' मी हसून मान हलवली. मग ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन कापसाचा अख्खा गठ्ठा पिंजून टाकला.

तर तुझं काम झालं आहे, निश्चिंत राहा. दाखला येईल, पोरगी डॉक्टर होईल, आणि होऊ दे, चांगली होऊ दे. पण आता बघ काय झालं ते. त्यांनी कुठे काही लिहून ठेवलं नाही, तू त्यांची माती ठेवली नाहीस, त्यांच्या माणसांनी अंगठे दिले आणि मी सही दिली. या जगात अप्पा उपदेशक होते असं म्हणणारा एक कागद उरलेला नाही. ते मला सहन झालं नाही. म्हणून लिहिते: कंधार तालुक्यातले नरसिंग हे चाळीस वर्षं ख्रिस्ती उपदेशक होते. त्यांच्या प्रवचनाने माणसं जेवली, बायकांचा मार थांबला. मी, त्यांची मुलगी शिवकांता, हे बघितलेलं आहे. हे माझं अक्षर आणि खाली माझी सही, गुरुवारच्या जबाबावर आहे तीच. हा कागद कुणाच्या हाती लागला तर ऋतुजाची जागा जाईल, मीही अडकेन, हे मला कळतं. म्हणून तो तुझ्याकडेच पाठवते आहे. तू फाडशील. फाडायलाच हवा, मीही तेच केलं असतं. पण फाडायच्या आधी ऋतुजाला समोर बसव आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिला मोठ्याने वाचून दाखव. दार लावून घे हवं तर. त्या दिवशी तिने विचारलं होतं, ही माणसं कोण. तिला उत्तर दे, तुझ्या तोंडाने.

तुझीच,
अक्का
(शिवकांता नरसिंग)